“कॉलेजला जायचं नाही” म्हणणारा मुलगा आणि झोप उडालेले आईबाबा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांमधून मला दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरला एक फोन हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला असते आणि चार वर्षांच्या कॉलेजला जायचंच नाही म्हणून अडून बसलेली असते, आता आयुष्याचं नुकसान होणार का, एवढंच आईबाबांना विचारायचं असतं. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगा १७ वर्षांचा, आईबाबा दोघंही आयटीत. मार्क वाईट नव्हते, स्टेट युनिव्हर्सिटीत कुठेतरी सहज मिळालं असतं, पण अर्जाच्या निबंधाची एक ओळही त्याने लिहिली नव्हती. आई पहिल्याच भेटीत रडल्या. “ताई, आम्ही इथवर आलो ते शिक्षणाच्या जोरावर, आणि हा म्हणतो इलेक्ट्रिशियन होणार.” बाबा बराच वेळ गप्प होते, मग एवढंच म्हणाले, “घरून फोन आला की काय सांगायचं?”

हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य एका डिग्रीने बदललं त्याला मुलगा ती नको म्हणतो तेव्हा आपण केलेलं सगळंच नाकारतोय असं वाटतं, आणि मग भांडण कॉलेजवरून राहतच नाही.

मुलाशी मी एकटीने बोलले. माझ्या अनुभवात “नको” दोन प्रकारचं असतं, एक दमलेलं नको आणि दुसरं काहीतरी दिसलंय म्हणून आलेलं नको, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसतात. मी त्याला कॉलेज का नको हे विचारलंच नाही, कारण त्याची उत्तरं त्याने घरी भांडून भांडून पाठ केलेली असणार. मी विचारलं, पुढच्या सप्टेंबरात सोमवारी सकाळी उठून तुला काय करायचंय? त्यावर तो पंधरा-वीस मिनिटं बोलत होता, सुट्टीत ओळखीच्यांच्या बेसमेंटचं वायरिंग नव्याने झालं तेव्हा तो रोज मदतीला जायचा, ब्रेकर पॅनल उघडल्यावर सगळं कसं ओळीने लावलेलं असतं ते हातवारे करून सांगत होता. म्हणजे हे दुसऱ्या प्रकारचं ‘नको’. पण दमलेलंही थोडं होतं, कारण शेवटी म्हणाला, “मावशी, आणि मॅथ्सपण सुटेल.”

ते काही सुटत नाही. युनियन आणि कॉन्ट्रॅक्टर मिळून इलेक्ट्रिशियनची जी अप्रेंटिसशिप, म्हणजे पगारावर काम करत शिकणं, चालवतात तिच्या प्रवेशपरीक्षेत अल्जिब्रा असतो, हायस्कूलला वर्षभर अल्जिब्रा केलेला लागतो, मग इंटरव्ह्यू होतो आणि त्यावर क्रमवारी लागते. हे ऐकून त्याचा चेहरा पडला, पण दोन दिवसांनी त्याने स्वतःहून सराव प्रश्न मागितले. मला त्याची खात्री पटली ती तिथे.

मग चौघं बसलो. मी आधी विचारलं ते इमिग्रेशनचं, कारण आपल्या घरांमध्ये सगळं तिथेच अडतं आणि लोक शेवटी विचारतात. मुलगा एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसाशी जोडलेल्या व्हिसावर असेल तर त्याला कामाची परवानगी नसते, आणि अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरीच, त्यामुळे तो रस्ता बंद, शिवाय २१ पूर्ण झाले की ते स्टेटस संपतं. केंद्र सरकारची शैक्षणिक मदतही साधारण नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळते. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त स्थानिक कॉलेजात, शिकता मात्र येतं. हा मुलगा इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याला अडचण नव्हती.

अप्रेंटिसशिप म्हणजे शिक्षण सोडणं, हा बाबांचा समज होता. इथल्या रजिस्टर्ड अप्रेंटिसशिपचा कायदा १९३७ सालचा आहे. इलेक्ट्रिशियनची साधारण ४ ते ५ वर्षं चालते, कामावर ८,००० तासांच्या आसपास भरतात, वर्ग वेगळे, आणि पगार पहिल्या दिवसापासून, जो टप्प्याटप्प्याने वाढतो. २०२४ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे इलेक्ट्रिशियनचं मध्यम वार्षिक उत्पन्न (म्हणजे निम्म्यांचं याहून जास्त, निम्म्यांचं कमी) ६२ हजार डॉलरच्या थोडं वर होतं. पण मी त्यांना हेही सांगितलं की सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर डिग्रीवाल्यांची मध्यम कमाई फक्त हायस्कूल केलेल्यांपेक्षा बरीच जास्त असते, हे खोटं नाही. फक्त तुलना “डिग्री” आणि “काहीच नाही” यांच्यात नव्हती. आणि चार वर्षांच्या कॉलेजला पूर्णवेळ जाणाऱ्यांपैकी सहा वर्षांत डिग्री हातात पडते ती साधारण ६४ टक्क्यांच्या, उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर कर्ज मात्र राहतं.

आईंना कम्युनिटी कॉलेज हा मधला मार्ग वाटत होता, वर्षाची फी सरासरी ४ हजार डॉलरच्या आसपास, दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत बदली. चांगला मार्ग आहे, पण तिथे पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट पुढे कुठल्या युनिव्हर्सिटीत धरली जाणार हे पहिल्या सेमिस्टरच्या आधी लेखी बघून घ्या, मुलं नेमकी तिथेच वर्ष घालवतात. खाजगी ट्रेड स्कूलबद्दल मी जास्त कडक बोलते. नफ्यासाठी चालणाऱ्या मोठ्या साखळ्या २०१५ आणि २०१६ मध्ये बंद पडल्या तेव्हा हजारो मुलं अर्ध्यावर राहिली, म्हणून शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्डवर किती जण पूर्ण करतात, कर्ज किती होतं, नंतर कमाई किती, हे बघितल्याशिवाय कुठेही सही करायची नाही. गॅप इयरचा विषय निघाला तो पटकन संपला, त्याला थांबायचं नव्हतंच. आईंची खरी धास्ती हेल्थ इन्शुरन्सची निघाली, तर २६ वर्षांचा होईपर्यंत मूल आईबाबांच्या प्लॅनवर राहू शकतं, शिकत असो वा नसो.

तारीख टाकून ठरलं. तो अप्रेंटिसशिपला अर्ज करणार, आणि एका स्टेट युनिव्हर्सिटीचाही भरून ठेवणार. बाबांना हे दुसरं फार हवं होतं आणि मला ते गैर वाटलं नाही, दार उघडं ठेवायला एक निबंध लिहावा लागला तर लिहावा.

पहिल्या वर्षी त्याचा नंबर लागला नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण अशा केसमध्ये सगळं सुरळीतच झालं असं लोक सांगतात. युनिव्हर्सिटीचं पत्र आलं होतं, घरात पुन्हा ताण, आई म्हणाल्या आता तरी ऐकेल. त्याने एका कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्परचं काम धरलं, पहाटे साडेपाचला उठायचा, आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात मॅथ्सचा एक कोर्स केला. हिवाळ्यात एकदा मला म्हणाला की थंडीत बोटं वळत नाहीत, कदाचित चूक झाली. मी म्हटलं मार्चपर्यंत बघ, नाही जमलं तर कॉलेजचा अर्ज पुन्हा भरता येतो. दुसऱ्यांदा परीक्षा दिली, इंटरव्ह्यूत सांगायला आता वर्षभराचं काम होतं, आणि निवड झाली.

आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या फोनवर बाबा काय सांगतात ते मी विचारलं नाही. मागच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, धाकटी यंदा शेवटच्या वर्षाला आहे, तिला चार वर्षांचंच कॉलेज हवंय आणि यादीत नऊ नावं आहेत. म्हणाले, “मी तिला विचारलं, तिथे सोमवारी सकाळी उठून काय करायचंय तुला, तर तिला सांगता येईना, तेव्हा तिला घेऊन येऊ का?” शनिवारची वेळ दिलीय.