मोटर वाजतेय पण अँटेना वर येत नाही? आख्खं युनिट घेऊ नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय की १९९६ ची मर्सिडीज ई२२० सेकंडहँड घेतली, रेडिओ लावला की मागच्या डाव्या फेंडरमधून घर्रर्र आवाज येतो, मधे कटकट होते, अँटेना बोटभर वर येते आणि तिथेच बसते, आणि गॅरेजवाला म्हणतो मोटरसकट पूर्ण युनिट बदला. इतक्यात नका बदलू. आवाज येतोय ना, मग मोटर जिवंत आहे, गेलीय ती बहुतेक आतली नायलॉनची दातेरी दोरी.

माझ्याकडे पण डब्ल्यू१२४च आहे (तुमच्या ई२२० च्या पिढीचं कंपनीतलं नाव), टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बेंझची पुण्यात भागीदारी होती त्या काळातली, त्यामुळे हे दुखणं मी भोगलंय. आतली रचना अगदी साधी असते. एकात एक सरकणाऱ्या नळ्या म्हणजे दांडा, सगळ्यात आतल्या नळीच्या टोकाला ही दोरी चिकटवलेली, दोरीला एका बाजूने दाते. खाली मोटरचं गिअर ते दाते पकडून दोरी वर ढकलतं, उलटं फिरलं की ओढून डब्यात गुंडाळून ठेवतं. नायलॉन जुनं झालं की कडक होतं आणि त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन, गाडी दिवसभर उघड्यावर. नळ्यांत धूळ बसते, दांडा जाम होतो, मोटर जोर लावतेच, मग दाते तरी झिजतात नाहीतर दोरी तुटते.

नुसता दांडा दोरीसकट मिळतो. मला १८०० रुपयांत ऑनलाइन मिळाला होता, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात मात्र 'असं सुटं येतच नाही' म्हणून सांगितलं होतं. फक्त मागवताना 'मर्सिडीजला बसेल' एवढ्यावर जाऊ नका, जुनी दोरी बाहेर काढून (तुकडे झाले असतील तर जोडून) लांबी मोजा, आणि दात्यांमधलं अंतर नव्याशी जुळतंय का ते फोटोवरून विचारून घ्या.

आता काम. फेंडरवरचा नट सोडवायचा, त्याला खाचा असतात, सर्क्लिप प्लायरने (बारीक टोकांच्या पकडीने) सुटतो. आधी भोवती मास्किंग टेप लावा, मी नाही लावली, रंगाची साल निघाली आणि ती अजून दिसते. मग घरच्या कुणाला तरी आत बसवा, रेडिओ चालू करायला सांगा आणि तुम्ही दांडा हळूच वर ओढत राहा, दोरी धड असेल तर मोटरच सगळं बाहेर ढकलते. नवीन घालताना दात्यांची बाजू जुन्यासारखीच ठेवायची, दोरी आत सरकवत गिअरला टेकेपर्यंत न्यायची आणि मग रेडिओ बंद करायला सांगायचं, गिअर दोरी पकडून आत ओढतं. पहिल्यांदा पकडत नाही, पाच-सहा वेळा चालू-बंद करावं लागतं, चिडून जोराने ढकलू नका, दोरी मुडपते.

पण तुमच्याकडे मधे कटकट येतेय म्हणजे बहुतेक तुटका तुकडा खाली डब्यात पडलाय. मी तो न काढताच नवीन दोरी घातली, चार दिवसांत तीही अडकली. तेव्हा डिकीतलं डाव्या बाजूचं कव्हर काढून युनिट बाहेर घ्या, स्क्रू खोलून तुकडा काढा, जुनं काळं चिकट झालेलं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, गिअरला अगदी थोडं पांढरं ग्रीस लावा. नळ्यांना मात्र ग्रीस अजिबात नको, धूळ धरते, शिलाई मशीनच्या तेलाचा फडका फिरवला की पुरे. आणि खाली पाणी निघून जायची रबरी नळी असते ती तुंबलीय का बघाच. नाशिकचा पाऊस एकवेळ परवडला, पण महिन्याला दोनदा इगतपुरी-कसारा केलं तर ते पाणी मोटरमध्ये जाऊन बसतं, मग खरंच युनिट लागतं.

अजून एक, तुम्ही नवीन ब्लूटूथ स्टिरिओ बसवणार म्हणालात. बऱ्याच स्टिरिओंना अँटेनासाठी निळी वायर आणि अँप्लिफायरसाठी निळी-पांढरी असते. निळीला जोडलं तर साधारणपणे रेडिओ लावल्यावरच अँटेना वर येते, गाणी फोनवरून असतील तर खालीच राहते, दुसरीला जोडलं की स्टिरिओ चालू असेतोवर वरच. मी निळीला जोडलंय, कॉलेज रोडच्या झाडांच्या फांद्या आणि पार्किंगमधली पोरं दोन्हींपासून वाचते. मात्र त्या वायरवरून मोटर थेट चालवू नका, ती फक्त इशाऱ्यापुरती असते. मोटरला बॅटरीकडून फ्यूजसह वेगळे १२ व्होल्ट आणि अर्थ लागतात, अँटेनाच्या युनिटमध्ये रिले (इशारा मिळाला की मोटरचा करंट चालू करणारा स्विच) नसेल तर बाहेरून लावा. बसवणारे हे हमखास चुकवतात आणि मग स्टिरिओचं आउटपुट जळतं.

तोवर काय करायचं विचाराल, तर युनिटचा प्लग काढून ठेवा म्हणजे मोटर उगाच घरघरत राहणार नाही, आणि दांडा हाताने जमेल तेवढा वर ओढून ठेवा. दांडा लहरीच्या लांबीच्या पावपट असला की चांगलं पकडतो, आकाशवाणी नाशिकच्या १०१.४ मेगाहर्ट्झला ती पाव तरंगलांबी साधारण ७४ सेंटिमीटर होते, म्हणून पाऊण मीटर वर असला की झकास लागतं. गंगापूर रोडला अर्ध्यावर पण भागतं, त्र्यंबकच्या बाजूला गेलं की खरखर सुरू होते.

जुन्या दोरीची लांबी मोजली की इथे टाका, माझ्या जुन्या दांड्याशी लावून सांगतो.