पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं. गॅरेजवाला म्हणतो टॉर्क सेन्सर (स्टिअरिंगवर हाताचा जोर किती पडतो ते मोजणारा) गेला, कॉलम (स्टिअरिंगचा दांडा, सेन्सर त्यातच असतो) बदला. बदलू का?

लगेच बदलू नका. आधी बॅटरी, अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) आणि कनेक्टर तपासा, मगच सेन्सरवर या. मी यवतमाळकडे गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. सेन्सर गेला म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांत दोष वायरिंगमध्येच निघतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर वळताना खूप करंट ओढते. व्होल्टेज पडलं की मॉड्यूल (स्टिअरिंगचा कंट्रोल बॉक्स) मोटरची मदत बंद करून दिवा लावतं. बॅटरीला मल्टिमीटर लावा: इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवेत. अर्थची वायर बॉडीला बसते तिथला गंज घासून काढा. आपल्याकडे कापूस घरात भरला की गाडीही त्याच्याच शेजारी उभी राहते आणि उंदीर वायरी कुरतडतात, तेही बघा.

मग स्कॅन. मोबाईलला जोडायचा स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनच्याच बिघाडाचे कोड दाखवतो. स्टिअरिंग मॉड्यूल उघडणारा स्कॅनर तालुक्याला शोधा. स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) उघडा आणि स्टिअरिंग हळू डावी-उजवीकडे फिरवा. टॉर्कचा आकडा दोन्हीकडे सारखा, सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर कनेक्टर हलवून पुन्हा बघा. कोड पुसून गाडी चालवल्यावर तोच कोड परत आला, वायरिंगही नीट असली, तरच सेन्सर.

मात्र स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढत असेल तर गाडी चालवूच नका, टो करून न्या.