वाचकांचे प्रश्न : ‘मारत नाही ना, मग कसला त्रास?’

प्रश्न : माझं वय ४१, लग्नाला १६ वर्षं झाली. हे व्यसनी नाहीत, हात उगारत नाहीत, पगार घरात देतात. पण आमचं बोलणं ‘गॅस संपला’, ‘फी भरायची आहे’ यापलीकडे जात नाही. गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. ह्यांनी मला दवाखान्यात सोडलं, फॉर्मवर सही केली आणि ऑफिसला गेले, ते थेट डिस्चार्जच्या दिवशी आले. घरी आल्यावर ‘दुखतंय का’ एवढंही विचारलं नाही. काही सांगायला गेलं की म्हणतात, ‘तुला नक्की हवंय तरी काय?’ आई म्हणते, मारत नाही ना, मग कसला त्रास? मुलगी १२ वर्षांची आहे. मला २४ हजार पगार आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज चालू आहे. वेगळं व्हावंसं वाटतं, पण हे कारण पुरेसं आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्यासाठी पुरेसं आहे का, हे तुम्हीच ठरवायचं. कोर्टासाठी पुरेसं आहे का, हा निराळा प्रश्न आहे. या दोन्हींची गल्लत झाली की बायका वर्षानुवर्षं अडकून पडतात. मारल्याचा वळ दाखवता येतो, न विचारलेला प्रश्न दाखवता येत नाही. म्हणून आईला तो दिसत नाही आणि हळूहळू तुम्हालाही वाटायला लागतं की आपणच जास्त अपेक्षा करतोय. ऑपरेशन झालेल्या बायकोला ‘दुखतंय का’ विचारणं ही जास्तीची अपेक्षा मुळीच नाही.

आधी एक गोष्ट तपासा : हे कधीपासून? पूर्वी बोलणारा माणूस वर्षा-दोन वर्षांत गप्प झाला असेल, झोप-भूक बिघडली असेल, मित्रांनाही टाळत असेल, तर नैराश्य किंवा नोकरीची, कर्जाची लपवलेली काळजी असू शकते. तेव्हा आधी डॉक्टर. पण मित्रांशी तासन्‌तास गप्पा, मुलीशी हसणं-खेळणं आणि अबोला फक्त तुमच्याशी, असं असेल तर आजारपणाची शक्यता फार उरत नाही.

मग एकदा स्पष्ट मागा. ‘तुमचं माझ्याकडे लक्षच नसतं’ या वाक्यावर माणूस फक्त स्वतःचा बचाव करतो. त्याऐवजी मोजता येईल असं सांगा : ‘जेवणानंतर रोज २० मिनिटं टीव्ही-मोबाइल बंद करून बसू. मी काही सांगितलं तर लगेच तोडगा सांगू नका, आधी एक प्रश्न विचारा. दवाखान्यात जायचं असेल तेव्हा सोबत थांबा.’ याला आठ आठवडे द्या, आणि हे शेवटचं मागणं आहे हेही सांगा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ढिलाई येतेच, तिचं फार मनावर घेऊ नका. एकदा आठवण केल्यावर गाडी पुन्हा रुळावर आली तर आशा आहे. दर वेळी आठवण करावी लागली, किंवा ‘आता हे काय नवीन नाटक’ असं ऐकावं लागलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं आहे. समुपदेशकाकडे जायला ते नाही म्हणाले तरी तुम्ही एकट्या जा. मात्र ज्या घरात भीती किंवा मारहाण आहे, तिथे ही आठ आठवड्यांची रीत वापरू नये.

आता कायदा. तुमचा विवाह हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झाला आहे असं धरून सांगतो. मानसिक क्रूरता हे घटस्फोटाचं कारण आहे, पण नुसता कोरडेपणा किंवा प्रेमाचा अभाव म्हणजे क्रूरता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने समर घोष प्रकरणात २००७ साली म्हटलं. त्याच निकालात असंही आहे की बेपर्वाई आणि दुर्लक्ष एका मर्यादेपलीकडे गेलं, संसार असह्य झाला, तर ती क्रूरता ठरू शकते. ही मर्यादा सिद्ध करण्यात वर्षं जातात. म्हणून आमचं स्पष्ट मत : आधी परस्पर संमतीचा मार्ग पाहा. त्यासाठी अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एकाच छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून नातं नसेल तर तेही धरलं जाऊ शकतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं.

संमती मिळाली नाही आणि तुम्ही घर सोडलं, तर बाहेर का पडलात याची लेखी नोंद हवी. कारण न देता दोन वर्षं वेगळं राहिलात तर ‘सोडून गेली’ हेच कारण तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. त्यामुळे निघण्याआधी वकील गाठा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

घर सोडल्याने फ्लॅटमधला हिस्सा जात नाही, पण घटस्फोटाने कर्जही सुटत नाही. सहकर्जदार असाल तर हप्ता चुकल्यावर बँक तुम्हालाही धरणार. म्हणून हप्ता कोण भरणार, की फ्लॅट विकणार, हे संमतीच्या अटींत लिहून घ्या. तोंडी ‘बघू नंतर’ इथे फार महागात पडतं.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडा. समजा भाडं ९ हजार, किराणा-गॅस-वीज ७, मुलीची शाळा-क्लास साडेचार, जाणं-येणं आणि औषधं अडीच. झाले २३ हजार, म्हणजे पगारात जेमतेम भागतं. डिपॉझिट दोन महिन्यांचं धरलं आणि तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवायचा म्हटला तर सुमारे ८७ हजार आधी जमायला हवेत, फक्त तुमच्या नावच्या खात्यात. मुलीचा खर्च ही वडिलांचीही जबाबदारी आहे, तुम्ही कमावत्या असलात तरी. पण ती रक्कम हातात पडायला वेळ लागतो, तिच्या भरवशावर भाडेकरार करू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते : आरोग्य विमा. तुम्ही ह्यांच्या ऑफिसच्या पॉलिसीत असाल तर स्वतःची पॉलिसी आत्ताच काढा आणि ऑपरेशनची माहिती लपवू नका. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती मुदत जितकी लवकर सुरू होईल तितकं बरं. लग्नाचा दाखला, फ्लॅटची आणि कर्जाची कागदपत्रं, दागिन्यांच्या पावत्या, मुलीचा जन्मदाखला यांच्या प्रती माहेरी ठेवा.

मुलीला निर्णय पक्का झाल्यावरच सांगा, शक्यतो दोघांनी मिळून. ‘बाबांना विचार’, ‘आईला सांग’ असे निरोप तिच्या हाती देऊ नका. शाळा बदलणार असेल तर वार्षिक परीक्षा होऊ द्या.

प्रश्न : मी जाते म्हटल्यापासून नवरा एकदम बदलला. गजरा आणतो, सकाळी चहा करतो, महाबळेश्वरचं बुकिंगही केलंय. थांबू का?
— सोलापूर

उत्तर : थांबा, पण तयारी थांबवू नका. खातं बंद करू नका, वकिलाची भेट रद्द करू नका. गजऱ्यावरून काही ठरत नाही. तीन महिन्यांत एवढं बघा : तुम्ही एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हटलं की हा चांगुलपणा टिकतो का? सासूबाई किंवा पाहुणे समोर नसतानाही तो तसाच वागतो का? आणि ‘इतकी वर्षं तुला काय सोसावं लागलं’ हे तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकतो का? तिसऱ्यावर आमचा सगळ्यात जास्त भर आहे. ‘झालं गेलं विसर’ म्हणणाऱ्याला काय झालं हेच उमगलेलं नसतं, आणि भीती ओसरली की तो पूर्वपदावर येतो.

तू गेलीस तर जिवाचं बरंवाईट करीन, असं तो म्हणाला तर ती धमकी आहे की खरं दुखणं, याचा निवाडा तुम्ही करू नका. त्याच्या भावा-बहिणीला लगेच कळवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावा, त्याला एकटं राहू देऊ नका. त्याचा जीव सांभाळायला बाकीची माणसं बोलवायची आहेत, त्या भीतीपोटी तुम्ही निर्णय बदलायचा नाही.