वाचकांची विचारणा : ‘ऑब्सेशन ७७’ मूळची की नंतरची?

प्रश्न : गेल्या रविवारी जुन्या बाजारात मला ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या रॉक बँडची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी मिळाली. विक्रेता ती मूळची असल्याचे सांगतो. १९७७ मध्ये मी महाविद्यालयात होतो आणि इंग्रजी गाणी आवडीने ऐकत असे. तरीही हे नाव तेव्हा कधी कानावर आले नाही. असे का झाले असावे, आणि विक्रेत्याचे म्हणणे कसे पडताळावे?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : यात आपल्या कानांचा दोष नाही. नावात ७७ असले, तरी ही तबकडी बाजारात आली ती १९८१ मध्ये. तोवर बँड मोडला होता, डिस्कोची लाट आली होती आणि मंचावर उभे राहून ही गाणी लोकांपुढे वाजवायला कोणी उरले नव्हते. ती विसरली गेली ती वाईट होती म्हणून नव्हे, तर वेळ टळून गेल्यावर आली म्हणून. परदेशी संग्राहकांना या उशिराचे सोयरसुतक नव्हते. त्यांना हवी होती ती ‘फझ’ गिटार, म्हणजे ध्वनिलहरींचे माथे छाटले जातील इतका संकेत वाढवून काढलेला, पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखा घरघरता सूर. अमेरिकेच्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीने २०११ मध्ये ही तबकडी पुन्हा काढली आणि मग आपल्याकडेही तिची चौकशी सुरू झाली.

हा बँड काही एकटा नव्हता. एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील बँडच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्यांवर शिलाँगच्या ‘फेंटोन्स’सारखे गट ऐकू येतात. अमेरिकेतील मुले घरच्या गॅरेजमध्ये तालीम करीत, म्हणून या संगीताला ‘गॅरेज रॉक’ म्हणतात. आपल्याकडे तेव्हा गॅरेज असलेली घरे किती होती, हा प्रश्न वेगळा. एक नाव मात्र आपल्या ओळखीचे असेल : नंदू भेंडे. काही काळ ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’मधून गायलेले हे गायक पुढे पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकातून मराठी प्रेक्षकांसमोर आले.

आता आपल्या तबकडीविषयी. कव्हरवर बारकोड किंवा संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर विक्रेता काहीही सांगो, ती १९८१ ची नव्हे. मग लेबलवर कोणत्या कंपनीचे नाव आणि कोणते साल छापले आहे ते पाहावे. शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तीवर उजेड तिरपा पडेल अशी तबकडी धरली की कोरलेला क्रमांक दिसतो. तो लेबलवरील क्रमांकाशी जुळतो का, हेही पाहावे. पडताळणी होईपर्यंत ती झिजलेल्या सुईवर वाजवू नये. खाचा एकदा खरवडल्या की घरघर गिटारची की सुईची, हे कळायचे नाही.