सुई टोचण्याआधी प्लेन सीटीचा आकडा मागा

पेडण्याहून लिहिणाऱ्या दादांसाठी लिहितेय. तुम्ही लिहिलंय की आईच्या पोटाच्या कॉन्ट्रास्ट सीटीत (रंगाचं इंजेक्शन देऊन केलेल्या) उजव्या अ‍ॅड्रिनलवर, म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या हॉर्मोनच्या ग्रंथीवर, ३.१ सेंटिमीटरची गाठ दिसली, रिपोर्टात 'स्वरूप निश्चित सांगता येत नाही' असं आलंय आणि पुढच्या मंगळवारी सुई टाकून तुकडा काढायचं ठरलंय. शिवाय आईला मध्येच दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं. हे वाचलं आणि राहवलं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या घरी, डिचोलीला, जवळपास हेच घडलं होतं.

मी डॉक्टर नाही. आईला कॅन्सर आहे किंवा पूर्वी होऊन गेला असेल तर माझं अर्धंअधिक लागू होणार नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते. लघवीतली किंवा रक्तातली मेटानेफ्रिन तपासणी (अ‍ॅड्रिनॅलिनपासून शरीरात बनणारी द्रव्यं मोजणारी) झाल्याशिवाय सुई टोचू देऊ नका. गाठ फिओक्रोमोसायटोमा निघाली, म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं सोडणारी निघाली, तर सुईच्या धक्क्याने बीपी जीवघेणं चढू शकतं. घाम आणि धडधड असलेल्या माणसाला तर ही तपासणी आधी व्हायलाच हवी. मंगळवार पुढे ढकला. त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

आता आमचं सांगते. आषाढात एका रात्री ह्यांना मुतखड्याची कळ आली. सकाळी सीटी झाला, खड्याचा, म्हणजे रंगाचं इंजेक्शन न देता केलेला साधा प्लेन सीटी. रिपोर्टात खडा होता आणि शेवटच्या ओळीत 'डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये २.६ सेंटिमीटरची गाठ, कॉन्ट्रास्ट सीटी करावा.' काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सीडी पाहिजे की फिल्म पुरे?" ह्यांना गाडीत बसवून ठेवलं होतं, कळ परत सुरू झाली होती. मी म्हटलं, फिल्म पुरे. ह्या दोन शब्दांनी आमचे तीन महिने खाल्ले.

पंधरा दिवसांनी त्याच सेंटरवर कॉन्ट्रास्ट सीटी. प्लेन झालाय म्हणून ह्या वेळी थेट इंजेक्शन देऊनच चित्रं काढली. रिपोर्ट तुमच्यासारखाच आला, गाठीत रंग भरतो, स्वरूप अनिश्चित, बायोप्सीचा विचार करावा. सर्जनने तारीख दिली. त्या आठवड्यात ह्यांनी मुलीच्या नावची एफडी कुठे आहे ते मला दोनदा दाखवलं. चतुर्थी आली तर गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला उठले नाहीत, दिराने बांधली.

नशिबाने एका भाचीने पणजीतल्या एका हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी लघवीची तपासणी लिहून दिली आणि मग एकच प्रश्न विचारला, "पहिल्या प्लेन सीटीत गाठीचा आकडा किती होता?"

हा आकडा म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. सीटी शोधणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफिल्डचं नाव त्याला दिलंय, १९७९ चं नोबेल मिळालेला तो. पाणी ० धरतात, हवा उणे १०००, चरबी शून्याच्या बरीच खाली. अ‍ॅड्रिनलच्या साध्या गाठीच्या, अ‍ॅडिनोमाच्या, पेशींत बहुतेक वेळा चरबी साठलेली असते, कारण हॉर्मोन बनवायचा कच्चा मालच कोलेस्टेरॉल. त्यामुळे गाठीचा आकडा खाली येतो. प्लेन सीटीत तो १० किंवा त्याहून कमी आणि गाठ सगळीकडे एकसारखी असेल तर ती निरुपद्रवी मानतात आणि फिओची शंकाही जवळजवळ मिटते. पण एकदा रंगाचं इंजेक्शन गेलं की रक्ताबरोबर आयोडीन गाठीत शिरतं आणि आकडा ७०-८० वर जातो. त्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. आमचा दुसरा सीटी एवढा महाग असून ह्याच कारणाने मुका निघाला.

आणि पहिल्या सीटीत उत्तर होतंच! कॉम्प्युटरवर गाठीवर एक गोल ओढायचा, आकडा येतो, मिनिटही लागत नाही. रिपोर्टात लिहिलाच नव्हता. फिल्म घेऊन त्या सेंटरवर गेले तर म्हणाले, फिल्मवरून मोजता येत नाही, मूळ डेटा लागतो आणि तो आता सिस्टीममध्ये नाही. कधी पुसला, किती दिवस ठेवता, कुणाला विचारू, ह्यातल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर नाही. तीनदा गेले. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "एवढं काय आहे त्यात, परत करून घ्या." एका माणसाच्या घरात तेव्हा काय चाललंय ह्याची कल्पना नसेल त्यांना, पण तरी हे बोलणं मी आजवर विसरलेले नाही. आकडा लिहिणं हे काही उपकार नाहीत. ज्या रिपोर्टात अ‍ॅड्रिनलची गाठ आहे त्यात तो असायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी दुसरीकडे नुसता प्लेन सीटी केला. इंजेक्शन नाही, पाच-दहा मिनिटांत बाहेर. तिथल्या डॉक्टरांनी मला आत बोलावून स्क्रीन दाखवली. मूत्रपिंडाच्या डोक्यावर ती लहानशी करडी गोळी, माउसने तिच्यावर गोल काढला आणि बाजूला आकडा आला, ४. मी तिथेच खुर्चीत बसले.

तुमच्याकडे प्लेनची चित्रं नसतील तर तेवढाच सीटी करायला विचारा. आकडा १० च्या वर आला तरी लगेच घाबरू नका, बऱ्याच साध्या गाठींत चरबी कमी असते. तेव्हा वॉशआउट सीटी करतात, प्लेन, इंजेक्शननंतर सुमारे एक मिनिटाने आणि पुन्हा १५ मिनिटांनी. साधी गाठ रंग पटकन सोडून देते. समजा आकडे २५, ९५, ४५ आले, तर चढले ७०, उतरले ५०, म्हणजे ७१ टक्के. ६० च्या वर साध्या गाठीकडे कल धरतात. पण फिओसुद्धा कधी कधी असाच रंग सोडतो, म्हणून ही तपासणी मेटानेफ्रिनची जागा घेत नाही. दुसरा रस्ता एमआरआयचा, त्यात चरबी असलेली गाठ एका प्रकारच्या चित्रात काळवंडते आणि रंगाचं इंजेक्शनही लागत नाही. गाठ ४ सेंटिमीटरच्या वर असेल किंवा वाढत असेल तर मात्र हिशेब वेगळा, तिथे वेळ घालवू नये.

चित्रं चांगली आली तरी हॉर्मोन बघावेच लागतात. रात्री ११ ला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल, ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याखाली असलं की बरं. बीपी असेल तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही.

२४ तासांची लघवी गोळा करताना सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. आम्ही पहिल्या खेपेला चुकलो आणि सगळं परत करावं लागलं. सर्दीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो, आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, पण स्वतःहून काही बंद करू नका. पुन्हा कॉन्ट्रास्ट द्यायची वेळ आली तर मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली क्रिएटिनिन आधी बघून घ्या, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. दीनदयाळ कार्डाची (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या) मुदत तपासून ठेवा, ऑपरेशनपर्यंत गेलंच तर तेव्हा धावपळ नको. फिल्म पावसात कपाटात एकमेकींना चिकटतात, मध्ये कोरा कागद घाला.

आज दुपारीच सेंटरला फोन करा. 'डायकॉम डेटा सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर द्या' असंच म्हणा, डायकॉम म्हणजे आकडा मोजता येईल अशी मूळ चित्रं; नुसते फोटो दिले तर घेऊ नका. आईचा सीटी होऊन नऊच दिवस झालेत, डेटा असेल अजून. त्यात इंजेक्शनच्या आधीची चित्रं आहेत का ते विचारा, आणि असतील तर आकडा किती आला तो इथे लिहा. रात्री उशिरापर्यंत मी बघत असते.