बर्फ किती पडेल? आकड्याआधी बरंच काही पाहायचं असतं

हिवाळ्यातल्या पहिल्या बर्फाची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख एकच असतो : किती सेंटीमीटर? माझं मत विचाराल, तर सेंटीमीटरचा आकडा हा अंदाजाचा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत कच्चा भाग. त्याआधी काय काय जुळून यावं लागतं, ते पाहायची सवय लागली की आकडा रोज बदलला तरी जिवाची घालमेल होत नाही. या वेळचे बरेच प्रश्न त्याच वळणाचे आहेत.

प्रश्न : सोमवारी सकाळी ॲप शुक्रवारसाठी २२ सेंटीमीटर सांगत होतं. संध्याकाळी ४. मंगळवारी पुन्हा १५. यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?

ठेवूच नका, निदान पाच दिवस आधी तरी. अमेरिकेचं जीएफएस हे हवामानाचं संगणकीय मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालवतात, युरोपीय हवामान अंदाज केंद्राचं मॉडेलही तसंच. दर वेळी ताजी निरीक्षणं आत जातात आणि वादळाची वाट थोडी सरकते. सुरुवातीच्या स्थितीतला नगण्य फरक वाढत वाढत सगळं चित्र बदलून टाकू शकतो, हे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिलं. तुमचं ॲप बहुधा यातली एकच फेरी उचलतं आणि तिचा आकडा ठामपणे तुमच्यासमोर ठेवतं.

बर्फाच्या बाबतीत हे जास्त जाचतं, कारण बर्फाच्या पट्ट्याची कड फार धारदार असते. २६-२७ जानेवारी २०१५ चं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क शहरासाठी दोन-तीन फूट बर्फाचा इशारा होता, भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली. वादळ अपेक्षेपेक्षा थोडं पूर्वेकडून गेलं आणि सेंट्रल पार्कमध्ये २५ सेंटीमीटरच्या आसपास बर्फ पडला. त्याच वादळाने मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला ८७ सेंटीमीटर दिला. वादळ आलं होतं, जोरदारही होतं; फक्त त्याची कड हुकली. शहराला मात्र अख्खा अंदाजच फसल्यासारखा वाटला.

म्हणून एका फेरीऐवजी समूह अंदाज पाहा. युरोपीय केंद्र स्थिती न बदलता चालवलेल्या एका नियंत्रण फेरीसोबत सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५० फेऱ्या चालवतं. त्यांतल्या चाळीस फेऱ्यांत बर्फ दिसत असेल, तर तयारीला लागा. पाच-सहांतच दिसत असेल, तर त्यांतला सर्वांत मोठा आकडा मित्रांना पाठवून उगीच हवा करू नका. (हा मोह किती मोठा असतो, ते मला ठाऊक आहे.)

आणखी एक खोच. अनेक नकाशे पडणाऱ्या पाण्याला सरसकट दहाने गुणून बर्फाची उंची काढतात. शून्य अंशाजवळचा ओला बर्फ पाच-सात पटच भरतो, कोरड्या थंडीतला भुरभुरा बर्फ वीस पट किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे पाण्याचा अंदाज अचूक निघाला तरी उंचीचा आकडा सपशेल चुकू शकतो.

प्रश्न : परवा थर्मामीटरवर ३ अंश असताना थोडा पाऊस पडला आणि मग चक्क बर्फ सुरू झाला. गेल्या आठवड्यात मात्र दीड अंश असूनही रात्रभर पाऊसच. थर्मामीटर बिघडलाय का?

थर्मामीटर ठीक आहे, त्याला जोडीला आर्द्रता हवी. कोरड्या हवेतून पाऊस किंवा बर्फ पडू लागला की त्यातलं काही पाणी हवेत उडून जातं आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतं. ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते, तोच प्रकार. अशा रीतीने हवा जिथपर्यंत थंड होऊ शकते, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर ते शून्याच्या किंचित खाली येतं. दीड अंशाला हवा जवळजवळ संपृक्त असेल, तर आणखी थंड व्हायला वावच उरत नाही. वेट बल्बही सव्वा-दीडच राहतं. तेव्हा ३ अंशांची कोरडी संध्याकाळ ही दीड अंशाच्या दमट रात्रीपेक्षा जास्त आशादायक. वेट बल्ब अर्ध्या-एका अंशाखाली आलं की मी बाहेरचा दिवा लावून बसतो.

पण हे झालं जमिनीलगतचं. वर काय चाललंय? साधारण दीड किलोमीटर उंचीवरचं, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल इतका हवेचा दाब असतो त्या पातळीवरचं तापमान हौशी मंडळी आधी पाहतात. मात्र तिथे शून्याखाली आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याच्या जरा वर किंवा खाली उबदार हवेचा पातळ थर घुसलेला असू शकतो. त्या थरात हिमकण पूर्ण वितळला आणि खालच्या थंड हवेत पुन्हा गोठला, तर बर्फाचे बारीक टणक मणी पडतात. खालचा थंड थर पातळ असेल, तर थेंब गोठायला वेळच मिळत नाही. तो पाणी म्हणून खाली येतो आणि रस्त्याला, तारेला, फांदीला टेकताच काच होतो. अशा रात्री मोजमाप वगैरे विसरा आणि घरातच थांबा.

पाऊस जोरात आला म्हणजे संधी गेली, असंही समजू नका. कधी कधी नेमकं उलटं होतं. वरून येणारा बर्फ वितळताना भोवतालच्या हवेतली उष्णता शोषतो. वारा मंद असेल आणि बाहेरून उबदार हवा येत नसेल, तर जोराच्या सरीत तो थर थंड होत होत शून्यावर येतो, आणि पावसाचा बर्फ होतो. सर ओसरली की पुन्हा पाऊस. तुमच्या परवाच्या बर्फात कोरड्या हवेइतकाच सरीच्या जोराचाही हात असू शकेल.

प्रश्न : रडारवर आमच्या डोक्यावर गडद रंग आणि बाहेर आभाळ नुसतं भरलेलं. उलट एकदा रडार कोरं आणि अंगणात बर्फ. असं कसं?

रडारचा झोत सरळ जातो, पृथ्वी खाली वळते. सर्वांत खालचा, आडव्यापेक्षा फक्त अर्धा अंश वर कललेला झोत रडारपासून १०० किलोमीटरवर जवळपास दीड किलोमीटर उंचीवर असतो, २०० किलोमीटरवर चार किलोमीटरच्या पुढे. हिवाळी ढग अनेकदा बुटके असतात, झोत त्यांच्या डोक्यावरूनच निघून जातो. अंगणातला बर्फ रडारला दिसलाच नाही, तो यामुळे.

उलट बाजूने, झोताला वर दिसलेला बर्फ खालच्या कोरड्या हवेत विरून जातो. तिथली हवा ओली होईपर्यंत जमिनीवर काहीच पोहोचत नाही, कधी कधी काही तास. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव बनू लागतं तो आकडा, चढू लागला का ते पाहा. चढत असेल तर धीर धरा. आणि गडद रंग म्हणजे जोराचा बर्फ असंही नाही. वितळू लागलेल्या हिमकणावर पाण्याचा पापुद्रा येतो आणि तो रडारला फार ठळक दिसतो.

प्रश्न : मी बर्फ मोजायची फळी दर तासाला साफ करून मोजलं, एकूण १८ सेंटीमीटर भरलं. शेजारचे काका सहा तासांनी मोजतात, त्यांचं १३. खरं कोणाचं?

काकांचं. बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. तासातासाला साफ केलंत, तर त्याला दबायची संधीच मिळत नाही आणि बेरीज फुगते. सहा तासांतून एकदाच साफ करायचं, हा निरीक्षकांचा रूढ नियम आहे. इतरांच्या नोंदींशी ताडून पाहायचं, तर तोच पाळायला हवा. पांढरा रंग दिलेली साधी प्लायवूडची फळी घ्या, भिंत आणि झाडापासून दूर ठेवा. वारा असेल तर चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. नवा पडलेला बर्फ आणि एकूण साचलेला बर्फ हे दोन वेगळे रकाने. तिसरा रकाना वितळवून भरलेल्या पाण्याचा ठेवा. माझ्या लेखी तोच सर्वांत मोलाचा.

प्रश्न : यंदा ओक वृक्षांखाली फळांचा सडा पडलाय. कडक हिवाळा येणार ना?

नाही. झाडाने फळ धरलं ते होऊन गेलेल्या ऋतूंच्या जोरावर. एल निनो, ला निना यांनी शक्यतेचं पारडं थोडंफार झुकतं, पण ते महिन्यांच्या सरासरीपुरतं. दोन-तीन आठवडे आधीचा इशारा कधी कधी ध्रुवावरून मिळतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथली स्ट्रॅटोस्फिअरमधली, म्हणजे ढगांच्या बऱ्याच वरच्या थरातली हवा अचानक तापली, थंड हवेचा भोवरा दुभंगला आणि महिनाअखेरीस युरोप गारठला. पण बर्फ नेमका कोणाच्या अंगणात पडेल, हे त्यावरूनही कळत नाही.

प्रश्न : आमच्यापासून दहा किलोमीटरवर गुडघाभर बर्फ आणि आमच्याकडे ऊन. जवळ मोठं सरोवर आहे. त्याचा संबंध असेल?

थेट. अजून न गोठलेल्या पाण्यावरून अतिथंड हवा वाहते, खालून ऊब आणि बाष्प घेते, आणि किनाऱ्यापलीकडे अरुंद पट्ट्यात बर्फ ओतते. पाण्याचा पृष्ठभाग आणि दीड किलोमीटरवरची हवा यांत १३ अंशांचा फरक हा नेहमीचा उंबरठा. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा प्रचंड बर्फही समुद्राच्या अशाच कृपेने पडतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत दीड मीटरहून जास्त बर्फ साचला आणि थोड्याच किलोमीटरवर उत्तरेला जेमतेम काही सेंटीमीटर. अशा वेळी नकाशातले सेंटीमीटर बाजूला ठेवा आणि वाऱ्याची दिशा पाहा. ती थोडी बदलली की पट्टा सरकतो. सरोवर गोठलं की हा कारखाना जवळपास बंद.

प्रश्न : मुलीला हिमकणांचे आकार पाहायचे आहेत. त्यातून अंदाजाला काही उपयोग होतो का?

होतो की! अमेरिकेतल्या व्हर्मॉंटच्या विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये हिमस्फटिकाचं छायाचित्र काढलं ते निव्वळ ओढीपोटी. पुढे जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत स्फटिक वाढवून दाखवला आणि कोणत्या तापमानाला व किती बाष्पात कोणता आकार तयार होतो, याची मांडणी केली. सुया दिसल्या तर स्फटिक उणे ५ च्या आसपास वाढलाय, फांद्यांच्या चांदण्या दिसल्या तर उणे १५ च्या आसपास. चांदण्या एकमेकींत अडकून मधे भरपूर हवा धरतात, म्हणून तेवढ्याच पाण्यात उंची जास्त भरते. काळं लोकरी कापड आणि भिंग आधीच बाहेर ठेवून गार होऊ द्या, आणि मुलीला सांगा, पाहताना श्वास बाजूला सोड. सुयांच्या जागी चांदण्या यायला लागल्या की काकांना फळीपाशी बोलवा.