मानसोपचारतज्ज्ञ कमी असलेल्या गरीब देशांत मानसिक आरोग्यावरचा पैसा आधी कुठे घालावा?

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणाऱ्या, तिथलीच भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या पगारावर घाला. मोठी इस्पितळं नंतर. पुरावा आपल्या गोव्यातलाच आहे. 'संगथ' संस्थेने इथल्या 10 आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर केलेली चाचणी 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. समुपदेशक मानसोपचारातले व्यावसायिक नव्हते. 6 ते 8 बैठका, आणि त्यांत सुटून गेलेली रोजची कामं, माणसांत जाणं-येणं थोडं थोडं करून पुन्हा सुरू करायला लावायचं, हा गाभा. 3 महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त केंद्रातले उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. मात्र समुपदेशकांच्या कामावर सतत देखरेख लागते, आणि तिचा खर्च अनुदानावर कायम भागत नाही. त्यासाठी सरकारी अंदाजपत्रकात दरवर्षीची तरतूदच हवी.